जुनी वेबसाइट मोबाइलवर नीट दिसण्यासाठी

रामशेज, अंजनेरी, ब्रह्मगिरीच्या भटकंतीची माझी घरगुती वेबसाइट २००६ सालची. मोबाइलवर उघडली की अक्षरं मुंगीएवढी दिसायची. नवं डिझाइन विकत घ्यावं लागलं नाही, नोटपॅडमध्ये हाताने एवढं केलं. (टॅग म्हणजे पानाच्या फाइलमधल्या < > कंसांतल्या खुणा; त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.)

१. फाइलच्या सुरुवातीची लांबलचक डॉकटाइप ओळ (पान कुठल्या प्रकारचं आहे हे ब्राउझरला सांगणारी) काढून नुसतं 'डॉकटाइप एचटीएमएल' ठेवा. त्यानंतर टेबलातल्या चित्रांखाली बारीक फट दिसू लागली, तर चित्रांना सीएसएसमध्ये (पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या नियमांत) 'डिस्प्ले ब्लॉक' द्या. माझा यात अख्खा रविवार गेला.

२. हेडमध्ये (फाइलच्या वरच्या, पानावर न दिसणाऱ्या भागात) व्ह्यूपोर्टचा, म्हणजे पान किती रुंद धरायचं ते सांगणारा, मेटा टॅग घाला: विड्थ म्हणजे 'डिव्हाइस-विड्थ', इनिशियल-स्केल १. खरा फरक याच ओळीने पडतो. ती नसली की मोबाइल पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आकसून दाखवतो.

३. टेबलची 'विड्थ ८००' काढा. फोटोंना मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो. अंजनेरीच्या पायऱ्यांचा आडवा फोटो आता पडद्यात पूर्ण मावतो.

४. फॉन्ट आणि सेंटर टॅग काढून रंग-आकार एकाच सीएसएस फाइलमध्ये न्या. काम कंटाळवाणं आहे, रोज एक पान करा.

मराठी मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) बदला, फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्याच प्रकारात सेव्ह करा आणि हेडमध्ये तसा कॅरसेटही (अक्षरांचा प्रकार) लिहा.

सुरुवात करण्याआधी सगळ्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. आणि फाइलींची नावं अजिबात बदलू नका, लोकांनी जपून ठेवलेल्या जुन्या लिंक तुटतात.