गावातच रिसेप्शन करा, झकास अन् आपलं वाटणारं

आजकाल सगळेच तालुक्याच्या लॉनवर रिसेप्शन करून राहिले, पण घरापुढं मोठं आवार असंल तर गावातच करा नं. फक्त एक, आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, म्हणून कार्यक्रम दिवस बुडाल्यावरच ठेवा, कूलर अन् जनरेटर आधीच सांगून ठेवा, आणि रात्री १० नंतर लाऊडस्पीकर चालत नाही हे डीजेवाल्याला पहिलेच बजावा.

जेवणावर खरा जीव लावा. पनीर-मंचुरियन तर सगळीकडेच असते. तुम्ही लंबी रोटी करणारी बाई बोलवा, उलट्या मडक्यावर ती पाहुण्यांसमोरच रोटी टाकते, लोकं मोबाईल काढून उभेच राहतात! सोबत पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा, डाळीचे गोळे घातलेला गोळाभात अन् त्यावर गरम फोडणीचं तेल. म्हाताऱ्या माणसांसाठी पंगत बसवाच, ताट धरून उभं राहणं त्यांना जमत नाही, आणि त्यांचे आशीर्वाद घ्यायलाच तर हा सगळा खटाटोप आहे.

डेकोरेशनला प्लास्टिकची फुलं नकोच. बुरडाकडून बांबूच्या टोपल्या-सुपं आणा, त्यात लाईट सोडा. लग्न मार्चमधलं असंल तर पळस फुललेला असतो, स्टेजला तोच लावा. नवरीला भाड्याच्या लेहेंग्यापेक्षा भंडारा-नागपूरकडची टसरची करवतकाठी साडी घ्या, काठावरची ती दातेरी नक्षी फोटोत फार सुंदर दिसते अन् साडी घरातच राहते.

एन्ट्रीला आजी-आजोबांचा जुना फोटो मोठा करून लावा. पत्रावळी पळसाच्याच घ्या, दुसऱ्या दिवशीची सफाईही सोपी जाते.