कूलर बंद केला म्हणजे काम झालं नाही: डेंग्यूच्या सीझनमधे नागपूरकरांनी घरी काय करायचं

नवतपा संपतो, मृगाचे दोन-चार शिंतोडे पडतात, हवा जराशी गार होते आणि नागपुरात घरोघरी कूलरचं बटण बंद होतं. बटण बंद होतं पण टाकीतलं पाणी तसंच राहतं, खिडकीबाहेर स्टँडवर ठेवलेला तो कूलर वरून पावसाचं पाणीही गोळा करत बसतो आणि दिवाळीची साफसफाई निघेपर्यंत कोणी त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही. आणि नेमके हेच, जुलै ते ऑक्टोबर, आपल्याकडचे डेंग्यूचे महिने. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय, वाचा आणि या रविवारी कराच.

मागच्या सीझनला मोठ्या भावाच्या पोरीला डेंग्यू झाला तेव्हा मी टॉर्च घेऊन आमच्याच घरचा कूलर उघडला. बाजूची जाळी काढली, खस सरकवली आणि पाण्यावर उजेड पडला तशा वर लटकलेल्या अळ्या वळवळत खाली पळाल्या, थोड्या वेळानं परत एकेक करून वर श्वास घ्यायला. पण मला त्याहून जास्त धक्का बसला तो पाण्याच्या रेषेच्या बोटभर वर पाहून, पत्र्याला बारीक काळे ठिपके, पेन्सिलीच्या टोकानं टिंबं द्यावी तसे. ती अंडी.

इथंच सगळ्यांची चूक होते. पाणी ओतलं की झालं असं वाटतं, पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या काठाशी ओल्या भिंतीवर, ती तिथं घट्ट चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, परत पाणी लागलं की फुटतात. म्हणजे तुम्ही टाकी रिकामी केली, घासली नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरलं तर मागच्या वर्षीचीच अंडी तयार.

तर करायचं असं. पहिले कूलरचा प्लग काढा, नुसतं बटण बंद करून टाकीत हात घालू नका, कूलरचा करंट लागून माणूस गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. मग पाणी काढा आणि ते नालीत नाही, उन्हातल्या कोरड्या मातीवर किंवा तापलेल्या गच्चीवर फेका म्हणजे अळ्या वाळून मरतील. नंतर नारळाची काथी किंवा तारेची घासणी घ्या, साबण लावा आणि टाकीच्या चारही भिंती, कोपरे, पंपाच्या खालची जागा, पाईपचं तोंड सगळं जोर लावून घासा, विशेषतः ती पाण्याची रेषा. धुऊन ते पाणीही मातीवरच. मग दिवसभर उन्हात कोरडं होऊ द्या. कूलर चालू असेल तर हे दर आठवड्याला, कारण अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, आठवड्यातून एकदा घासलं की साखळी तुटते. यालाच कोरडा दिवस म्हणतात. सीझन संपला असेल तर जुनी खस काढून फेका, टाकी पालथी घाला किंवा वर झाकण बांधा. टाकीत रॉकेल टाका असं सांगणारेही भेटतील, मोटर आणि वायरीजवळ रॉकेल मला अजिबात पटत नाही, त्यापेक्षा मनपाच्या झोन ऑफिसला सांगून अळीनाशक औषध टाकून घ्या.

कूलर झाला की घरात एक चक्कर मारा. फ्रिजच्या मागचा ट्रे (हा कोणालाच आठवत नाही), मनीप्लांटची बाटली, कुंड्यांखालच्या थाळ्या, पक्ष्यांसाठी गच्चीवर ठेवलेलं मातीचं भांडं, नळाला पाणी कमी येतं म्हणून भरून ठेवलेले ड्रम, मीटरचा खड्डा, टायर, ताडपत्रीच्या घड्या. पक्ष्यांचं भांडं काढू नका बरं, रोज पाणी बदला आणि आतून बोट फिरवून घासा एवढंच. ड्रमला फडकं घट्ट बांधा. शेजारी बांधकाम चालू असेल तर लिफ्टचा खड्डा नक्की पाहायला लावा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण सगळे रस्त्यावर असतो, मारबतीच्या (रोगराई-इडापिडेच्या पुतळ्याच्या) मिरवणुकीत रोगराई घेऊन जा गे मारबत म्हणून ओरडतो, तोच काळ डेंग्यूच्या जोराचा असतो. त्या दिवशी घरी परतलात की थेट गच्चीवर जा, सगळं पाहून या.

आता आकड्यांबद्दल, कारण पेपरात आलेला आकडा वाचून लोक एकतर घाबरतात नाहीतर निर्धास्त होतात. सरकारी यादीत पक्का डेंग्यू म्हणून धरतात तो एलायझा टेस्टनं (मोठ्या लॅबमधली रक्ताची तपासणी) सिद्ध झालेला. गल्लीतल्या लॅबमधल्या रॅपिड किटवर पॉझिटिव्ह आलेला पेशंट संशयित म्हणून राहतो. त्यामुळे तुमच्या गल्लीत चार जण तापानं पडलेत आणि पेपरात आकडा छोटा, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. दुसरं म्हणजे सर्वेला आलेले कर्मचारी घरं मोजतात, १०० घरं पाहिली आणि ८ घरांत अळ्या मिळाल्या तर घर निर्देशांक ८, आणि त्या ८ घरांत मिळून २० भांड्यांत अळ्या असतील तर ब्रेटो निर्देशांक २०. पेशंटचा आकडा झालेलं सांगतो, हा आकडा पुढे काय होणार ते सांगतो. म्हणून ते लोक दारात आले की कूलर पाहू द्या, आत्ताच साफ केला म्हणून परत पाठवू नका.

लस आहे का हे सगळे विचारतात. सरकारी लसीकरणात डेंग्यूची लस अजून नाही, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं २०२४ च्या ऑगस्टमधे डेंगीऑल नावाच्या लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू केली. पोट्ट्यांच्या बाकीच्या लसी मात्र वेळेवर द्या, ९ महिन्यांची आणि १६ ते २४ महिन्यांची गोवर-रुबेला राहिली असेल तर आधी ती.

आणि ताप आलाच तर? रक्ताच्या टेस्ट करा: पहिल्या ५ दिवसांत डेंग्यूची एनएस-१, त्यानंतर आयजीएम, सोबत सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही वजन-वयाप्रमाणे डॉक्टरला विचारून. अंग दुखतं म्हणून औषधाच्या दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन आणून देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ओआरएस, ताक, लिंबूपाणी, पेज थोडं थोडं सारखं देत राहा आणि लघवी नीट होते का ते पाहा. पेशंटला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, हा डास दिवसा चावतो आणि तापातल्या माणसाला चावला की साधारण ८-१० दिवसांनी तो दुसऱ्याला डेंग्यू द्यायला तयार.

आमच्या पोरीचा ताप चौथ्या दिवशी उतरला, आम्ही सगळे खूश, वहिनीनं तिच्या आवडीची खिचडी टाकली. संध्याकाळी पोट दुखतं म्हणून ती गुडघे पोटाशी घेऊन झोपली, दोनदा उलटी केली, हातपाय गार. नशिबानं आईनं ओळखलं आणि लगेच ॲडमिट केलं. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे २४ ते ४८ तास खरे धोक्याचे, तेव्हा रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं आणि बीपी पडू शकतो. पोटात जोरात दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, खूप सुस्ती किंवा बेचैनी, लघवी कमी, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, रात्री मेयो, मेडिकल या सरकारी दवाखान्यांची कॅज्युअल्टी चालू असते. आपण सगळे प्लेटलेटच्या आकड्यामागे धावतो, पण डॉक्टर हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) किती वाढला तेही पाहतात, आणि रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट १० हजाराच्या खाली गेल्याशिवाय सहसा प्लेटलेट चढवत नाहीत. त्यांना चढवाच म्हणून भांडू नका.

पेशंट घरात निघाला की त्याच दिवशी झोन ऑफिसला कळवा म्हणजे आजूबाजूच्या घरांत सर्वे आणि फवारणी होईल. आणि तोपर्यंत थांबू नका, हा डास फार लांब उडत नाही, सापडला तर दोनचारशे मीटरच्या आतच सापडेल. टॉर्च घ्या आणि डाव्या-उजव्या आणि समोरच्या घराची बेल वाजवा. भाऊ, आमच्याकडे डेंग्यू निघाला, तुमचा कूलर एकदा उघडून पाहू का, असं सरळ विचारा. आमच्या गल्लीत मी विचारलं तेव्हा कोणीच नाही म्हटलं नाही, आणि तिसऱ्याच घरी अळ्या निघाल्या.