हिरव्या चाऱ्याकडे वळताना कोटीपोटातल्या जिवाणूंना वेळ द्या

पावसाची सुरुवात झाली, हिरवा चारा हाताशी आला, की गव्हाणीतला वाळला चारा एका दिवसात बाजूला पडतो. आठवडाभरात पातळ शेण, पोटफुगी, दुधाची फॅट घसरणे अशा तक्रारी सुरू होतात. बहुतेक वेळा चाऱ्यात खोट नसते. तो पचवणारे जिवाणू कोटीपोटात, म्हणजे जनावराच्या पोटाच्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यात, अजून पुरेसे वाढलेले नसतात.

चाऱ्यातले तंतू फोडणारी विकरे (एन्झाइम) गाईचे शरीर तयार करत नाही. ती जिवाणू, बुरशी आणि आदिजीव (एकपेशीय प्रोटोझोआ) पुरवतात. कोटीपोटातल्या एक मिलिलिटर द्रवात १,००० ते १०,००० कोटी जिवाणू असतात. त्यांनी तयार केलेल्या मेदाम्लांतून गाईला सुमारे ७० टक्के ऊर्जा मिळते, आणि पुढे आतड्यात हेच जिवाणू पचून तिची प्रथिनांची गरज मोठ्या प्रमाणात भागवतात.

या जिवाणूंची कामे वाटलेली आहेत. फायब्रोबॅक्टर आणि रुमिनोकॉकस तंतू फोडतात, स्ट्रेप्टोकॉकस बोविस पिष्ट (स्टार्च) आणि साखरेवर झपाट्याने वाढून लॅक्टिक आम्ल करतो, तर मेगास्फेरा ते आम्ल खाऊन संपवतो. जगभरातल्या ३५ देशांतील रवंथ करणाऱ्या जनावरांचे नमुने तपासून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जिवाणूंचे मुख्य गट जवळपास सगळीकडे सारखे आढळले. त्यांचे प्रमाण मात्र आहाराप्रमाणे बदलत होते. एकाच जातीच्या जिवाणूंच्या दोन वाणांतही जनुके वेगळी असतात, त्यामुळे एकाला जे पचते ते दुसऱ्याला पचेलच असे नाही.

सुबाभूळ हे त्याचे उत्तम उदाहरण. तिच्यातल्या मिमोसीन या द्रव्यापासून कोटीपोटात जे विषारी द्रव्य बनते, त्याने ऑस्ट्रेलियातल्या गुरांना गलगंड होई, केस गळत. हवाईतल्या शेळ्या मात्र तीच सुबाभूळ खाऊन ठणठणीत राहत. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी हा फरक जिवाणूंचा आहे हे ओळखले, आणि १९८०च्या दशकात त्या शेळ्यांच्या कोटीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिल्यावर त्यांनाही सुबाभूळ सोसू लागली. त्या जिवाणूला पुढे सिनर्जिस्टिस जोन्साय हे नाव मिळाले. आपल्या जनावराच्या पोटात तो आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच ठेवा.

आता प्रत्यक्ष बदलाकडे. त्यासाठी दोन ते तीन आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात हिरव्याचा वाटा चौथाई, दुसऱ्या आठवड्यात निम्म्यापर्यंत, मग त्यापुढे. वाळला चारा पूर्ण बंद कधीच करू नका. सकाळी आधी वाळले, मग हिरवे. लसूणघास, बरसीम यांसारखा कोवळा द्विदल चारा दव किंवा पावसाने ओला असताना टाकू नका. काही तास सुकू द्या. कुट्टी फार बारीक झाली तर रवंथ कमी होते आणि लाळही कमी सुटते. कोटीपोटातले आम्ल आवरते ती लाळच, म्हणून हे किरकोळ समजू नये.

खरा धोका मला हिरव्यापेक्षा भरड्याचा वाटतो. दूध वाढावे म्हणून धान्याचा भरडा एकदम वाढवला की कोटीपोटाचा सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) ६च्या खाली येतो आणि तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात, तो ५.५च्या खाली टिकून राहिला तर आम्लधर्मी अपचन होते. भरडा दर दोन-तीन दिवसांनी अर्धा किलोच वाढवा आणि दिवसाचा हिस्सा तीन-चार वेळांत विभागून द्या. जनावराने धान्याच्या पोत्यात तोंड घालून भरपूर खाल्ले असेल, तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवा.

रोज पाहायचे ते एवढेच: निवांत बसलेल्या जनावरांपैकी निम्मी तरी रवंथ करत आहेत का, आणि शेणात फेस किंवा अख्खे दाणे दिसतात का. दिसले, तर दोन-चार दिवस मागच्या प्रमाणावर या.

तोंडावाटे प्रतिजैविक मनाने देऊ नका. रोगजंतूंबरोबर कामाचे जिवाणूही मरतात. लांब आजारानंतर जनावर चारा खाईना, तर निरोगी जनावराच्या कोटीपोटातला द्रव पाजण्याचा उपाय पशुवैद्यक करतात, त्याबद्दल जरूर विचारा.

वासराचे कोटीपोट जन्मतः अविकसित असते आणि त्यातली जिवाणूंची वस्ती नंतर हळूहळू बसते. पहिल्या आठवड्यापासूनच त्याच्यापुढे थोडे कोरडे वासरूखाद्य आणि स्वच्छ पाणी ठेवा. दूध पाजता म्हणून पाणी टाळू नका.