व्हिडिओ शूट करताना ऑटो की मॅन्युअल? या चुका टाळा

फोटोत कॅमेऱ्याचा उजेडाचा अंदाज चुकला तर एक फोटो गडद येतो. आपण लगेच दुसरा काढतो. व्हिडिओत कॅमेरा अंदाज बदलतो तो बदलही रेकॉर्ड होतो, आणि बघणाऱ्याला नेमका तोच खटकतो. म्हणून ऑटोने निवडलेला आकडा बरोबर असला तरी तो शॉट चालू असताना हलतोय का, हे आधी तपासायला हवं.

समजा, खिडकीजवळ कुणाची मुलाखत चालू आहे आणि मागून पांढरा शर्ट घातलेला माणूस गेला. कॅमेऱ्याला वाटतं उजेड वाढला, म्हणून तो सगळंच चित्र गडद करतो. बोलणाऱ्याचा चेहरा क्षणभर काळवंडतो आणि पुन्हा उजळतो. एडिटिंगमध्ये हे निस्तरणं फार किचकट असतं. यावर उपाय सोपा आहे. चेहऱ्यावर एक्स्पोजर (चित्र किती उजळ किंवा गडद येतं ते) नीट आलं की ते लॉक करा. बऱ्याच मोबाइलमध्ये स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक होतात.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार चित्रातले रंग जुळवणारं सेटिंग, मात्र कधीच ऑटोवर ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३२०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), तर दुपारचा उजेड ५६०० च्या आसपास असतो. कॅमेरा खोलीतून खिडकीकडे वळवला की ऑटो हळूहळू रंग बदलत जातो आणि एकाच वाक्यात त्वचा पिवळसरची निळसर होते. एकच चुकीचा रंग संपूर्ण क्लिपभर असेल तर तो एकदाच सुधारता येतो. सरकत जाणारा रंग सुधारायला घाम फुटतो.

सगळ्यात जास्त गोंधळ शटरचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी कॅमेरा किती वेळ उजेड घेतो त्याचा, होतो. ऑटोवर सोडलं तर भर उन्हात कॅमेरा शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान करतो. प्रत्येक फ्रेम काचेसारखी स्पष्ट येते, पण चालणारी माणसं तुटक, झटके देत चालल्यासारखी दिसतात. शटर फ्रेम रेटच्या (सेकंदाला किती फ्रेम) दुप्पट ठेवावं, हा जुना नियम इथे कामी येतो: २५ फ्रेमला १/५०, ३० ला १/६०, ५० ला १/१००. मग उन्हात चित्र पांढरंफट्ट होतं आणि लोक वैतागून पुन्हा ऑटोकडे वळतात. इथे एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी गडद काच, लागतो. कडक उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) १००, शटर १/५० आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) एफ/२.८ ठेवायचं असेल तर साधारण ६ स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) उजेड कमी करावा लागतो. एनडी६४ नेमकं तेवढंच काम करतो.

घरात शूट केल्यावर आडवे काळपट पट्टे सरकताना दिसले, तर शटर आणि दिव्यांचा मेळ बसलेला नाही. ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तिथे शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२०. तरीही पट्टे राहिले तर डिमरवरचा एलईडी पूर्ण उजेडावर करून बघा, बऱ्याचदा तिथेच दुखणं असतं.

याचा अर्थ सगळंच मॅन्युअल करा असा नाही. एखाद्याच्या मागे घरातून अंगणात जायचं असेल, तर एका हाताने आयएसओ फिरवत बसणं अव्यवहार्य आहे. शटर आणि अ‍ॅपर्चर पक्कं ठेवा, आयएसओ ऑटोवर सोडा आणि त्याला वरची मर्यादा घाला. तसंच चेहरा किंवा डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल तर तो बेलाशक वापरा. समोर माणूस असेल तर बहुतेकांच्या हातापेक्षा तो भरवशाचा असतो. अंधारात किंवा जाळीच्या आडून शूट करताना मात्र तो फोकस शोधत पुढे-मागे भरकटतो, तेव्हा बंद करा.

आवाजाची ऑटो पातळीही दगा देते. बोलणारा थांबला की ती आवाज वाढवत नेते आणि पंख्याची घरघर वर येते. पातळी हाताने ठेवा, मोठ्यात मोठा आवाज कॅमेऱ्याच्या आवाज-मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या.

सगळं मॅन्युअल असूनही झूम करताच चित्र गडद होत असेल, तर लेन्स तपासा. १८-५५ मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) सहसा एफ/३.५-५.६ ची असते, म्हणजे झूम केल्यावर अ‍ॅपर्चर आपोआप बारीक होतं. शॉटमध्ये झूम करायचाच असेल तर सुरुवातीपासूनच ५.६ वर ठेवा आणि कमी पडणारा उजेड आयएसओने भरून काढा.