कार्डासाठी टेक्श्चर पेस्ट घरीच करा, कार्ड वाकणारही नाही

हॅन्डमेड कार्डाला उठावदार बॅकग्राउंड हवं असतं पण टेक्श्चर पेस्टची (उठावदार नक्षीसाठी लावतात ती घट्ट पेस्ट) छोटीशी डबीही महाग पडते, आणि थेट कार्डावर लावली की कार्ड पापडासारखं वाकतं. त्यापेक्षा असं करा.

१. 300 जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) ए4 कागद घ्या, चारही कडा मास्किंग टेपने पाटावर चिकटवा. जुन्या वर्तमानपत्राचे किंवा वहीचे तुकडे हाताने फाडून (कात्री नको, फाटलेली कडच छान दिसते) पाणी घातलेल्या फेविकॉलने इकडेतिकडे लावा. पूर्ण वाळू द्या.

२. एक चमचा फेविकॉल, अर्धा चमचा पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग आणि त्यात थोडी थोडी टाल्कम पावडर घालत श्रीखंडाइतकं घट्ट होईपर्यंत ढवळा.

३. जुन्या एटीएम कार्डाने पातळ थर ओढा, ओला असतानाच कंगवा फिरवा नाहीतर बबल रॅप दाबून उचला, स्टेन्सिल (नक्षी कापलेला पातळ साचा) असेल तर त्यावरून पेस्ट ओढा, अजूनच मस्त. सगळीकडे लावायची गरज नाही, मधेमधे छापील अक्षरं दिसली पाहिजेत, खरी मजा तिथेच आहे.

४. रात्रभर वाळल्यावर वॉश द्या, म्हणजे पाणी घालून पातळ केलेला रंग वरून फिरवा, तो खाचांमध्ये जाऊन बसतो. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने सोनेरी रंग नुसता वरवर फिरवा, उंचवटे लगेच उठून दिसतात.

आता टेप काढून कागदाचे चार तुकडे करा आणि डबल टेपने कार्डांवर लावा, म्हणजे एकदम चार कार्डांचं काम झालं.

फक्त पेस्टचा थर जाड लावू नका, वाळताना तडे जातात. आणि स्टेन्सिल लगेच धुवा.