ॲप बनवून घ्यायचंय? डेव्हलपरला भेटण्याआधी एवढं करा

समजा, तुम्ही पुण्यात घरगुती डबे पुरवता. गिऱ्हाइकं साठ-सत्तर झालीत, व्हॉट्सॲपवरचे निरोप सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो आणि आता ॲप हवंय. कोडिंग येत नाही म्हणून घाबरू नका. ते डेव्हलपरला येतं. तुमचा धंदा मात्र त्याला तुम्हीच समजावून द्यायचाय.

१. आठवडाभर वही ठेवा. आलेला प्रत्येक निरोप लिहा: ‘उद्या डबा नको’, ‘आज दोन पोळ्या जास्त’, ‘चतुर्थी आहे, उपासाचं मिळेल का?’ शेजारी तुम्ही काय केलंत तेही लिहा. रात्री दहाला आलेला ‘नको’ धरायचा का? त्या दिवसाचे पैसे वजा करायचे, की महिना एक दिवस पुढे न्यायचा? हे नियम तुमच्या डोक्यात असतात, कागदावर नसतात. न सांगितलेला नियम डेव्हलपर अंदाजाने ठरवतो आणि तो बदलून घ्यायला तुम्ही पुन्हा पैसे मोजता. सगळ्या तयारीत मला ही वही सर्वांत मोलाची वाटते.

२. स्क्रीन कागदावर काढा. एका पानावर एक स्क्रीन, पेन्सिलीने. मग एखाद्या नेहमीच्या गिऱ्हाइकापुढे पानं ठेवा आणि म्हणा, ‘काकू, उद्याचा डबा बंद करून दाखवा.’ तुम्ही गप्प राहा. त्यांचं बोट जिथे घुटमळेल तिथे खोडरबर चालवा.

३. छाटा. पहिल्या ॲपमध्ये आजचा मेनू, डबा चालू-बंद आणि महिन्याचा हिशेब, बस. पैसे सध्या यूपीआयच्या क्यूआर कोडवर घेता येतात. ॲप बनवण्याआधी हेच महिनाभर गूगल फॉर्मवर चालवून पाहा. लोक तो भरत नसतील तर का, हे ॲपवर खर्च करण्याआधी कळलेलं बरं.

४. किल्ल्या स्वतःकडे ठेवा. प्ले स्टोअरचं खातं (एकदाच २५ डॉलर), ॲपलचं (वर्षाला ९९ डॉलर), डोमेन (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) आणि कोड ठेवायचं गिटहब खातं तुमच्या नावावर उघडा. डेव्हलपरला फक्त प्रवेश द्या. प्ले स्टोअरवर नवं वैयक्तिक खातं असेल, तर ॲप खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी ते सलग १४ दिवस चाचणीसाठी घेतलेलं असावं लागतं. त्या बारा गिऱ्हाइकांना आत्ताच विचारून ठेवा.

करारात कोडचे हक्क तुमच्याकडे येतील असं स्पष्ट लिहून घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार बाहेरच्या डेव्हलपरने लिहिलेल्या कोडचा मालक साधारणपणे तोच असतो, तुम्ही पैसे दिलेत तरी. हस्तांतरणात मुदत लिहिली नाही तर ती पाचच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दोन्ही लिहा.

५. तिघांकडून दर मागवा. तिघांना तीच वही, तीच पानं द्या. पैसे टप्प्याटप्प्याने, शेवटचा हप्ता कोड हातात आल्यावर. दराइतकंच त्यांच्या प्रश्नांकडे लक्ष द्या. वही वाचून जो विचारतो, ‘एका घरात दोन डबे जातात आणि त्यातला एकच बंद करायचा असेल तर?’ त्याच्याशी पुढचं बोलणं सुरू करा.