झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर हृदयाची लय बिघडल्यास : रुग्ण आणि नातेवाइकांनी घ्यायची काळजी

हृदयाची मिट्रल (डावीकडच्या दोन कप्प्यांमधली) किंवा एऑर्टिक (महाधमनीच्या तोंडाशी असलेली) झडप बदललेल्या रुग्णाची प्रकृती सुधारत असतानाच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मॉनिटरवरचा ठोक्यांचा आकडा अचानक १३०-१४०वर जातो, ठोके कसेही पडू लागतात आणि आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटते की शस्त्रक्रिया फसली. बहुतेक वेळा तसे नसते. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण तीनपैकी एका रुग्णात एट्रियल फिब्रिलेशन हा लयबिघाड होतो; झडपेबरोबर बायपासही केली असेल तर हे प्रमाण आणखी वाढते. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि खालचे कप्पे त्यांच्यामागे अनियमित धावतात. ही धावपळ औषधांनी बहुधा आटोक्यात येते. खरी भीती वेगळी आहे : थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळते, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात होतो. म्हणून काळजी घेताना ठोक्यांइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, लक्ष रक्त पातळ करणाऱ्या गोळीकडे हवे.

शस्त्रक्रियेपूर्वी

आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापामुळे मिट्रल झडप अरुंद झालेले रुग्ण अजूनही पुष्कळ आहेत. त्यांचा डावीकडचा वरचा कप्पा वर्षानुवर्षे फुगत गेलेला असतो आणि लय शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच बिघडलेली असते. नवी झडप बसली म्हणजे ही जुनी लय आपोआप सुधारेल, असे गृहीत धरू नये. अशा रुग्णाने सर्जनना दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. पहिली, त्याच शस्त्रक्रियेत मेझ करता येईल का? डॉ. जेम्स कॉक्स यांनी १९८७मध्ये प्रथम केलेल्या या पद्धतीत वरच्या कप्प्यांवर ठरावीक रेषांत व्रण करून भरकटलेल्या विद्युतलहरींच्या वाटा अडवल्या जातात. दुसरी, डावीकडच्या वरच्या कप्प्याला असलेली छोटी पिशवी, जिथे बहुतेक गुठळ्या होतात, ती बंद करणार का? २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पक्षाघात किंवा शरीरात इतरत्र गुठळी अडकण्याचे प्रमाण पिशवी बंद न केलेल्या रुग्णांत ७ टक्के, तर बंद केलेल्यांत ४.८ टक्के होते. मात्र त्यातले बहुतेक रुग्ण रक्त पातळ करणारे औषधही घेत होते. म्हणजे पिशवी बंद झाली म्हणून गोळी सुटत नाही.

झडप निवडतानाही हा विषय निघायला हवा. प्राण्यांच्या ऊतीपासून बनवलेल्या, म्हणजे प्राणिज झडपेचा धातूच्या झडपेपेक्षा मोठा फायदा म्हणजे पुढे रक्त पातळ करणारी गोळी कायमची घ्यावी लागत नाही. पण ज्याची लय कायमची बिघडलेली आहे, त्याला ती गोळी तशीही घ्यावीच लागते. त्यामुळे त्या रुग्णासाठी निवडीचा हिशेब बदलतो.

जुने ईसीजी, इकोचे अहवाल आणि चालू गोळ्यांची यादी दाखल होतानाच द्यावी. मेटोप्रोलोलसारखी ठोके आवरणारी गोळी शस्त्रक्रियेच्या धास्तीने परस्पर बंद करू नये. ती एकाएकी थांबवल्याने लय बिघडण्याचा धोका वाढतो.

रुग्णालयात

इथे करण्यासारखे बरेचसे डॉक्टर आणि परिचारिकांच्या हातात असते. हृदयाभोवतीची सूज, शरीरातले जादा पाणी, वेदना आणि रक्तातले पोटॅशियम व मॅग्नेशियम कमी होणे ही लय बिघडण्याची नेहमीची कारणे आहेत. म्हणून वारंवार रक्त तपासले जाते आणि सलाइनमधून क्षार दिले जातात. लय सुधारण्यासाठी बहुधा अ‍ॅमिओडॅरोन वापरतात. रक्तदाब घसरत असेल तर भूल देऊन विजेचा धक्का देतात. त्याचे नाव ऐकून घाबरू नये.

याच्या उलट, काही रुग्णांचे ठोके फार मंद होतात. हृदयाच्या वरून खाली संदेश नेणारी विद्युतवाहिनी एऑर्टिक झडपेच्या अगदी लगत असते आणि टाके घालताना तिला सूज किंवा इजा होऊ शकते. यासाठीच छातीखाली बारीक तारा बाहेर काढून तात्पुरत्या पेसमेकरला जोडलेल्या असतात. कूस बदलताना किंवा स्पंजिंग करताना त्या ओढल्या जाणार नाहीत, एवढे नातेवाइकांनी पाहावे. काही दिवस वाट पाहूनही हे संदेशवहन सुधारले नाही तर कायमचा पेसमेकर बसवावा लागतो.

घरी नाडी पाहणे

रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवावे. हात मांडीवर उताणा ठेवून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाहेरच्या कडेला आपली पहिली दोन बोटे हलकेच टेकवावीत. अंगठा वापरू नये, कारण त्याचीच नाडी लागते. मग पूर्ण ६० सेकंद मोजावे. १५ सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे उपयोगाची नाही, कारण लय बिघडलेली असताना एका पाव मिनिटात २० आणि पुढच्या पाव मिनिटात ३० ठोके पडू शकतात. मोजतानाच अंतराकडेही लक्ष द्यावे : ठोके ठरावीक अंतराने येतात, मधूनच एखादा चुकतो, की कशाचाच मेळ नाही? वहीत तारीख, वेळ, आकडा आणि ‘नियमित’ किंवा ‘अनियमित’ एवढेच लिहावे.

बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणि रक्तदाबाचे यंत्र अशा लयीत चुकीचा आकडा दाखवू शकते. काही ठोके इतके दुबळे असतात की ते मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. रक्तदाब तीनदा मोजून सरासरी धरावी. निदान मात्र ईसीजीवरच होते.

विश्रांतीत नाडी ११०च्या वर टिकून राहिली, ५०च्या खाली गेली किंवा नियमित असलेली अनियमित झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयाला फोन करावा. चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, आडवे झाल्यावर दम लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही झाले, तर फोनवर वेळ न घालवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. धातूच्या झडपेचा घड्याळासारखा येणारा टकटक आवाज एकाएकी बसका झाला किंवा ऐकू येईनासा झाला, तर तीही तातडीचीच बाब आहे.

रक्त पातळ करणारी गोळी

धातूची झडप असलेल्यांना वॉरफॅरिन किंवा अ‍ॅसिनोकुमरॉल जन्मभर घ्यावे लागते. त्याचा परिणाम आयएनआर या, रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या तपासणीने कळतो : एऑर्टिक झडपेसाठी साधारणपणे २ ते ३ आणि मिट्रलसाठी २.५ ते ३.५. लय बिघडलेली असेल तर एऑर्टिक झडपेच्या रुग्णालाही डॉक्टर थोडा वरचा आकडा ठरवून देतात. आपला आकडा डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावा. गोळी रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी घ्यावी. चुकलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन भरून काढू नये.

इथे एक गोष्ट फार वेळा नजरेतून सुटते. अ‍ॅमिओडॅरोनमुळे वॉरफॅरिनचा परिणाम वाढतो, तोही हळूहळू, काही आठवड्यांत. घरी जाताना २.५ असलेला आयएनआर त्यामुळे पुढे बराच वर चढू शकतो. म्हणून ही दोन्ही औषधे चालू असतील तर सुरुवातीला आठवड्याला तपासणी करावी, आणि अ‍ॅमिओडॅरोन बंद झाल्यावरही काही महिने लक्ष ठेवावे, कारण ते शरीरातून सावकाश जाते. प्रतिजैविके सुरू झाली, तरी तपासणी लवकर करावी.

मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर यांच्यामुळे या गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, तरी त्यांवर बंदी घालण्याची गरज नाही. दर आठवड्याचे प्रमाण सारखे ठेवले म्हणजे पुरे. चातुर्मासात किंवा उपवासांमुळे आहार बदलणार असेल तर आधी सांगावे. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी आणि घटक माहीत नसलेले काढे मात्र पूर्ण टाळावेत.

आयएनआर लागत नाही अशी नवी औषधे शेजारचे घेतात, मग आपण का नाही, असे अनेक जण विचारतात. धातूच्या झडपेसाठी ती चालत नाहीत. डाबिगॅट्रान या नव्या औषधाची अशा झडपेच्या रुग्णांवरची चाचणी २०१२मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण त्या रुग्णांत गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त झाले. संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली मिट्रल झडप आणि बिघडलेली लय असलेल्या रुग्णांतही रिव्हारॉक्सॅबान या नव्या औषधापेक्षा वॉरफॅरिनसारखे जुनेच औषध सरस ठरले, हे २०२२मध्ये दिसून आले.

पुढच्या भेटी

नव्याने सुरू झालेला लयबिघाड बहुतेकांत सहा ते आठ आठवड्यांत थांबतो. त्या भेटीला वही घेऊन जावी आणि अ‍ॅमिओडॅरोन केव्हा बंद करायचे हे नेमके विचारावे. ते लांबणार असेल तर थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या व छातीचा एक्स-रे लागतो. धडधड जाणवत नाही म्हणजे लय सुधारली, असे नव्हे. डॉक्टर गरजेप्रमाणे २४ तासांचा होल्टर, म्हणजे सतत ईसीजी नोंदवणारे छोटे यंत्र, लावतात. प्राणिज झडप असलेल्या रुग्णाची रक्त पातळ करणारी गोळी थांबवायची की नाही, हे त्यानंतरच ठरवले जाते. दात काढायचा असो वा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असो, त्या डॉक्टरांना झडप आणि गोळी या दोन्हींबद्दल आधी सांगावे, आणि गोळी किती दिवस थांबवायची किंवा थांबवायचीच का, हे आपल्या हृदयरोगतज्ज्ञांकडून लेखी घ्यावे.